दुसऱ्या वर्षाच्या घड्या

अकोल्याच्या तपासणी केंद्रात नवं यंत्र आलं, तेव्हा चाचणीसाठी हेमलता इंगोलेने त्यात स्वतःच्याच रक्ताचा थेंब घातला. पेशीतल्या गुणसूत्रांना पडलेल्या घड्यांवरून ते यंत्र माणसाचं बालपण वाचायचं. अहवालात आलं: वयाच्या दुसऱ्या वर्षी सात महिने तीव्र उपासमार.

आई तर नेहमी सांगायची, तू अगदी गुटगुटीत होतीस.

घरी आल्यावर हेमलताने अहवाल वाचून दाखवला. मेथी निवडणाऱ्या आईचे, यमुनाबाईंचे, हात थांबले.

"कापडगिरणी बंद पडून घरातला पगार थांबला होता," त्या म्हणाल्या. "दूध एकालाच पुरायचं. माधव, तुझा जुळा भाऊ, सारखा आजारी असायचा, म्हणून त्याला द्यायचे."

"आणि मला?"

"भाताची पेज. माझ्या वाटची पण तुलाच." त्यांनी आपला हात पुढे केला. "माझं रक्त बघ. मी उपाशी होते, ते त्यात दिसेल."

"नाही दिसणार, आई. मोठेपणीच्या उपासाने घड्या बदलत नाहीत."

"मग माझ्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागेल तुला."

हेमलता अहवालाकडे बघत राहिली. ठेवते, असं तिला म्हणता आलं नाही.