डोळ्याला लागलेलं पाणी

हिंमतरावांनी कप उचलायला हात पुढे केला आणि बोटं कपाच्या वीतभर अलीकडेच मिटली. दगूबाईने कप नवऱ्याच्या हाताखाली सरकवला.

बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावूनही ही गत. अठ्ठावन्न सालच्या कार्तिकात धुळ्याला जाऊन मोतीबिंदू काढला, त्याला आता दोन महिने होऊन गेले होते. उजव्या डोळ्याला माणूस दिसे, पण पाण्यात उभा असल्यासारखा. उंबरा कधी वर, कधी खाली. लुगड्याचा रंग कळे, तोंड कळत नसे. डावा डोळा अजून व्हायचाच होता.

"डोळ्याला पाणी लागलं, म्हणून टाका सुटला," एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

पाणी कुणी लावलं हे दगूबाईला विचारावंच लागलं नाही. दवाखान्यात सोबतीला भिला होता. बारा वर्षांपासून घरचा सालदार, शेताची किल्ली असो की टपाल, सरळ मालकाच्या हातात नेऊन देणारा. पण अक्कल कमी. तोंड पुसताना ओलं फडकं लावलं असणार मेल्याने.

"खरं सांग, पानी तूच लागू दिधं ना?"

भिला मान खाली घालून उभा राहिला. "हां, माय."

त्या दिवसापासून त्याला ओटा चढायची बंदी झाली.

दगूबाईच्या छातीवरचा धोंडा मात्र वेगळाच होता. हिंमतराव दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून धुळ्याला पडले होते, आणि इकडे कळसाडीत त्यांची सून, मगनची बायको सरला, कपाशी वेचताना साप चावून गेली. संध्याकाळसुद्धा धरली नाही पोरीने. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, डोळ्यातून टिपूस येता कामा नये. सुनेवर म्हाताऱ्याचा जीव. कळलं की डोळा गेलाच.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मास्तरांनी ओट्यावर बसून दहा कार्डं लिहिली. नऊ सोयऱ्यांना. दहाव्याला शाई संपली, म्हणून ते लाल पेन्सिलीने लिहिलं. ते भिलासाठी होतं. सरला गेल्याचं मालकांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. भिलाला वाचता येत नव्हतं, पण दवाखान्यात कुणीतरी वाचून दाखवील. दगूबाई शेजारी बसून रडत रडत कार्डांचे कोपरे फाडत होती. रिवाजच तो. कोपरा फाटलेलं कार्ड हाती आलं की अडाण्यालाही कळतं, कुणीतरी गेलं. सगळा गठ्ठा मगन शहाद्याच्या टपालात टाकून आला.

हिंमतराव घरी आले तेव्हा दिवस उरकले होते आणि गावाला तंबी देऊन झाली होती. प्रश्न उरला सुनेचा. पण तिथे घरची रीतच कामाला आली. गुजरांच्या घरात सून सासऱ्यापुढे घुंगट ओढून असते, आवाजही ऐकू देत नाही. सहा वर्षांत हिंमतरावांनी सरलाचं तोंड पाहिलं नव्हतं. तिच्या बांगड्या वाजल्या की म्हणायचे, "शंभर वरीस जगजो, बेटा."

मग शेजारच्या घरातली सरलाची चुलत जाऊ रंजना, अंगाबांध्याने तश्शीच, सकाळ-संध्याकाळ येऊ लागली. सरलाचं हिरवं लुगडं नेसून.

"काकी, मरेलनं लुगडं आंगले चटका देस वं," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"तुन्हा पाय पडस, रंजना. दुसरा डोया व्हई जाऊ दे."

रंजना पाण्याचा तांब्या ठेवी, बांगड्या वाजवी. हिंमतराव हिरव्या रंगाकडे बघत. तांब्या चाचपून घेत आणि गुमान पीत. आशीर्वाद नाही, बेटा नाही. एकदा फक्त म्हणाले, "तिले सांग, दमी गई व्हई. घर जाय म्हना आते." डोळ्यापायी माणूस तिरसट झाला, दगूबाईला वाटलं. मगनचे तर फारच हाल होते. बापासमोर दोन घास गिळायचे आणि केळीच्या बागेत जाऊन रडायचं. दगूबाईला त्याच्याकडे बघवत नसे.

माघात डाव्या डोळ्याची तारीख आली. आदल्या दिवशी हिंमतराव म्हणाले, "संगे भिलाच येई."

"भिला? एक डोया खादा त्यानी, आते दुसराबी खाई!"

"भिला उना तरच मी जासू." मग म्हणाले, "त्यानावर राग धरू नको. त्याना दोष नही."

"मंग कोना? मन्हा?"

हिंमतराव धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसले.

दगूबाईचं पित्त खवळलं. पाय आपटत ती आत गेली आणि ट्रंक भरू लागली. धोतरं, पंचा, मफलर. खुंटीवर लोकरीचा कोट होता. धुळ्याहून आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तिने तो झटकला. आतल्या खिशात काहीतरी ताठ लागलं.

बाहेर बांगड्या वाजल्या. हिंमतरावांनी तांब्या घेतल्याचा आवाज आला. बाकी काही नाही.

दगूबाईने खिशातलं कार्ड काढून खिडकीच्या उजेडाला धरलं. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण लाल पेन्सिल ओळखू आली. कार्डाला तीनच कोपरे होते. चौथ्या जागेची फाटलेली कड अंगठ्याने चोळून चोळून कापडासारखी मऊ झाली होती.