झाकणाच्या आत

म्हाताऱ्या घड्याळजीने मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, आत पाहिलं आणि तो नुसताच बसून राहिला.

"खरंच बंद आहे का हो, बाबा?" सुनेने विचारलं.

"बंद कसलं, झकास चालतंय. पण हे आपलं नाही."

टेबलावर कुरिअरचा फाडलेला खोका पडला होता. हात थरथरू लागल्यापासून म्हाताऱ्याला बायकोचं घड्याळ साफ करणं जमेना, आणि कपाटात पडून राहिलं की चावीचं घड्याळ मरतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तिच्या माघारी निदान कुणाच्या तरी हातावर चालू दे, म्हणून त्याने स्वतःच ते सुनेला ऑनलाइन लिलावाला लावायला सांगितलं होतं. चार दिवस बोली चढत गेली. जिंकणाऱ्याने 'बायकोसाठी घेतोय' असं लिहिलं, तेव्हा म्हाताऱ्याने ते वाक्य सुनेकडून दोनदा वाचून घेतलं.

घड्याळ गेलं आणि त्याला घरात करमेना. आठवड्याने तक्रार आली की घड्याळ बंद निघालं, परत पाठवतो आहे. सून संतापली. म्हाताऱ्यानेही कपाळाला आठ्या घातल्या, पण आतून त्याला गुदगुल्या झाल्या होत्या. तेव्हापासून दाराची घंटा वाजली की तोच आधी उठायचा.

आणि आलं ते हे. तीच कंपनी, तीच तबकडी, तोच आकार. पट्टा मात्र आपलाच, त्याने स्वतः नवा घातलेला. चोर मोठा कामसू, पट्टासुद्धा काढून याला लावून दिला होता.

लिलाववाल्यांना संध्याकाळपर्यंत पुरावा हवा होता. सुनेने मोबाइलवरचे फोटो मोठे करकरून पाहिले. फोटोतलं घड्याळ आणि टेबलावरचं घड्याळ, जुळी भावंडं.

"आईंच्या घड्याळावर नळाला घासून पडलेला लांब ओरखडा होता ना? तो कुठे दिसत नाही फोटोत."

"मी काढला तो. फोटोच्या आदल्या दिवशी. दुपारभर घासत होतो."

"अहो, पण का?"

"घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं ते लख्ख करून द्यायचं. पन्नास वर्षं तेच केलं."

सुनेने कपाळाला हात लावला. "पुरावाच घासून टाकलात, बाबा. मग हे आपलं नाही, हे तुम्हाला तरी कशावरून कळलं?"

त्याने उघडं झाकण तिच्यापुढे धरलं. आतली बाजू आरशासारखी कोरी होती. त्याने समजावलं. घड्याळ उघडलं, की दुरुस्त करणारा झाकणाच्या आत सुईने बारीक अक्षरांत तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव कोरतो. पुढचा दुकानदार आधी ते वाचतो, मग यंत्राला हात लावतो. बायकोचं घड्याळ तो वर्षातून एकदा साफ करायचा. तिच्या झाकणात अशा एकोणीस ओळी होत्या.

"हे कधी कुणी उघडलंच नाही," तो म्हणाला. त्याला त्या परक्या घड्याळाचीही कीव आली.

"आणि मी आतून फोटो काढूया म्हणाले, तर तुम्ही नको म्हणालात."

म्हातारा स्क्रू-ड्रायव्हर उगाच पुसत बसला.

"काय लिहिलं होतं आत? इथे भरावं लागेल."

तो खाकरला. मग अगदी हळू त्याने बायकोचं नाव सांगितलं.

सुनेचं बोट मोबाइलवर थांबलं. लग्न होऊन चौदा वर्षं झाली, पण सासऱ्याच्या तोंडून हे नाव तिने आज पहिल्यांदा ऐकलं. घरात कायम "अगं", आणि बाहेर कुणी काही विचारलं तर "घरी विचारून सांगतो."

"आईंना माहीत होतं?"

"छे. स्वतःच्या घड्याळाच्या आत कोण बघतं? पुढच्या वर्षी उघडलं की दाखवू, असं दर वर्षी म्हणायचो." त्याने भिंग टेबलावर ठेवलं. "दाखवायला हवं होतं."

त्याने एकोणीस तारखा न अडखळता सांगितल्या. सुनेने नावासकट सगळ्या लिहून पाठवल्या. दोघांचा चहा संपायच्या आत उत्तर आलं. छायाचित्राशिवाय दावा ग्राह्य धरता येत नाही.

"चोर तो, आणि खोटे आपण," सून म्हणाली. "मी नाही सोडणार त्याला. पुन्हा लिहिते. पोलिसांत जाऊ."

"लिही. जाऊ आपण." म्हाताऱ्याने परक्या घड्याळाचं झाकण बसवलं. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. सवयीने त्याने काच शर्टाच्या टोकाला पुसली आणि चावी दिली. घड्याळ टिकटिकत होतं. त्याने ते कानाशी नेलं आणि लगेच खाली ठेवलं.

"दोन-तीन वर्षांत तेल सुकतं," तो म्हणाला. "मग घड्याळ मागे पडायला लागतं."

"कुठलं?"

"आपलं. चोर असला तरी त्याला ते कुठल्यातरी दुकानात न्यावंच लागेल. तो दुकानदार झाकण उघडेल, भिंग लावेल."

सुनेने मोबाइलवरून मान वर केली.

"आणि आधी नाव वाचेल. एकोणीस वेळा."