परी पाठमोरी झाली

पडद्यावरच्या चिनी जादूगाराचं वाक्य संपलं, पण त्याचे ओठ हलतच राहिले. ती रिकामी जागा भरायला डबिंगच्या माइकसमोर उभ्या मकरंदनं कागदावर नसलेलं बोलून टाकलं, "चुकलं माझं, विभा."

विभा म्हणजे शेजारच्या माइकवर परीचा आवाज देणारी विभावरी. सिनेमाच्या पहिल्या भागात याच जादूगाराला आणि परीला मराठीतून प्रेमात पाडता पाडता दोघांनी स्वतःचंही लग्न उरकलं होतं. दुसरा भाग यायला पंचवीस वर्षं लागली; तोवर त्यांचा घटस्फोटही जुना झाला.

"परीचं नाव मेई आहे, सर!" काचेपलीकडून दिग्दर्शिका हसली. "पण ओठ झकास बसले. चला, पुढे."

विभावरीला तिथल्या तिथे सुनावायचं होतं. पण परीचे ओठ मिटलेले, आणि मिटल्या ओठांवर आवाज टाकता येत नाही. ती टपून राहिली. अखेर परी पाठमोरी होऊन ढगांतून चालू लागली. तोंड दिसत नसलं की काहीही बोलून घेता येतं.

"एवढं म्हणायला दुसरा भाग यावा लागला," परीच्या गोड आवाजात ती म्हणाली. "आता चहाचं काय तिसऱ्या भागात विचारणार?"