पुरायची पानं

ज्यूंच्या जुन्या प्रार्थनाघराच्या माळ्यावर, नाकातोंडात धूळ जात असताना, तिने सात वर्षं फाटक्या पोथ्यांवर संशोधन केलं होतं. परीक्षकांनी प्रबंध तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा तिने तो तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला, माळ्याची किल्ली रखवालदारकाकांच्या हातावर ठेवली आणि "सुटले एकदाची" म्हणून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी विसरलेला चष्मा न्यायला आली, तर काका अंगणात खड्डा खणत होते. देवाचं नाव असलेला कागद जीर्ण झाला तरी फेकायचा नाही, माणसासारखा मातीत पुरायचा, ही तिथली रीत. तिनेच ती प्रबंधात चाळीस पानं खर्चून समजावली होती. खड्ड्याशेजारच्या गोणीत सगळ्यात वर तिचा प्रबंध होता.

"काका, हा कशाला यात?"

"पानोपानी देवाचं नाव आहे. डब्यात कसा राहू देऊ?" काकांनी कुदळ टेकवली. "पण जिवंत काही पुरलं तर पाप माझ्या माथी. तूच नीट बघून सांग, गेलाय का हा?"

तिने प्रबंध उचलला, बाहीने पुसला.

"धुगधुगी आहे अजून," ती म्हणाली, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.