उघडे तळपाय

समोआतल्या गावसभेत लूपेचे आजोबा मानाच्या खांबाला टेकून बोलता बोलता पांढरेफटक पडले आणि मान लटकली. दोघा काकांनी त्यांना सावरून बसतं धरलं. करवंटीतून कावा, म्हणजे सभेतलं मुळांचं पेय, देणारी लूपे करवंटी ठेवून धावली. ती नर्सिंग शिकत होती. “काका, आडवं करा त्यांना! बसवून ठेवलंत तर डोक्याला रक्त पोचणार नाही.” “अक्कल गहाण टाकलीस? मानकऱ्याने भर सभेत लोळायचं?” आजोबांचे ओठ निळे पडत चालले. तिने काकांचे हात झिडकारून आजोबांना चटईवर निजवलं, पाय उचलून खांद्यावर घेतले. उघडे तळपाय थेट थोरल्या मानकऱ्यांच्या तोंडासमोर आले. याच अपमानापायी मागे एका घराला गाव सोडावं लागलं होतं. थोरले उठले. लूपेने डोळे मिटले, पण पाय सोडले नाहीत. त्यांनी आपली चटई तळपायांवर पांघरली. “दे इकडे. किती उंच धरू, पोरी?”