अस्थींचा पत्ता

"कुठं पाठवायचंय यांना?" बंदराच्या कचेरीच्या खिडकीत बसलेल्या तांडेलने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

पूर्वी अस्थी पाण्यात सोडल्या की त्या अनंतात विलीन होत. बंदराच्या तोंडाशी येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाहांचं गणित संगणकाला बिनचूक जमायला लागल्यापासून त्यांना पत्ता लागतो.

"ओहोटीच धरा," उदय म्हणाला. "दादा जन्मभर बोटीवर इंजिनिअर होता. जाऊ दे थेट मस्कतला."

"मस्कतची हमी नाही. दीपगृहाच्या बाहेर काढून देऊ, पुढचं त्यांनी बघायचं." तांडेलने स्क्रीनवरची निळी रेषा दाखवली. "भरतीला सोडलंत तर खाडीत आत, कोळंबीच्या तळ्यांकडे. तिकडे सहसा कोणी वडिलांना पाठवत नाही. सासऱ्यांना पाठवतात."

विजयाताई नवऱ्याचा कलश पोटाशी धरून उभ्या होत्या. "आणि कुठंच पाठवायचं नसेल तर?"

तांडेलने पहिल्यांदा मान वर केली. "भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी जरा वेळ थांबतं. तेव्हा सोडलंत तर इथंच, धक्क्याखालच्या गाळात बसतील. पण तसं कोणी मागत नाही, ताई."

"वहिनी, अहो, गाळात? दादाला समुद्राचं केवढं वेड होतं!"

"ठाऊक आहे, भावजी. दर वेळी याच धक्क्यावरून हात हलवून मी त्यांना निरोप दिलाय. आज नाही देणार."



"मग पाणी थांबेपर्यंत दोनेक तास बसावं लागेल," तांडेल म्हणाला.

"बसते की," विजयाताई बाकावर टेकत म्हणाल्या. "यांची वाट बघायची सवय आहे मला."