नोरीनशी बोल

ज्या साली नोरीनला पहिली नात झाली, त्याच साली आमच्या खाणगावातल्या साऱ्या कचेऱ्यांनी मिळून टॅरिनबद्दल एक गोष्ट ठरवली. टॅरिनला व्यक्तिमत्त्वाचा विकार होता. जीव घाबरा झाला की ती दवाखान्याला, पोलिसांना, घर देणाऱ्या संस्थेला फोन करी. प्रत्येक जण वेगळंच सांगे आणि ती आणखी बिथरे. म्हणून ठरलं, टॅरिनचं सगळं मानसिक आरोग्य सेविका नोरीननेच बघायचं; फोन कुठेही येवो, उत्तर एकच द्यायचं: "नोरीनशी बोल."

"म्हणजे माझी गाठ तुझ्याशीच बांधली म्हण की, म्हातारे!" टॅरिन हसली. "मेलीस तर बघ!"

"मरतेय कशाला? तिकडे पर्थ शहरात लेकीचं बाळंतपण उरकते, सोमवारी हजर."

नोरीनने रजा सगळीकडे कळवली. प्रत्येकाला वाटलं, तिच्या जागी दुसऱ्या कुठल्या तरी कचेरीने माणूस नेमला असेल.

रविवारी टॅरिनने सगळीकडे फोन केले. सगळ्यांनी ठरलेलं उत्तर दिलं. नोरीनचा फोन मात्र लेकीच्या खाटेशेजारी, पिशवीत बंद होता. सोमवारी तिने तो चालू केला, तेव्हा त्यात टॅरिनचा निरोप होता.

"नोरीन, सगळे तुझंच नाव सांगतायत गं."

नात रविवारी दुपारी जन्मली. टॅरिन त्याच संध्याकाळी गेली.